अक्षर मोठं करायचं बटणच बारीक अक्षरात: इंटरफेस पॅकवाल्या पोरांना सांगलीतून खुलं पत्र

नमस्कार पोरांनो,

पोरांनो म्हणतोय कारण तुम्ही तिघं माझ्यापेक्षा लहान आहात आणि तुमच्यातल्या एकानं मागं खेळतानाच्या व्हॉइस चॅटवर मला सगळ्यांसमोर 'काका' म्हणलेलं, मी अडतीसचा आहे, ते मी विसरलेलो नाही. तरी राग नाही. उलट पहिल्यांदा आभारच मानतो, कारण वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा २००४ चा गेम, त्याचा मूळचा इंटरफेस (स्क्रीनवरची बटणं, चौकटी, पट्ट्या) बघितला तर निम्मा स्क्रीन बटणांनी भरलेला, आणि तुम्ही नोकऱ्या सांभाळून, एक रुपया न घेता, आपल्या ग्रुपसाठी तो पॅक बांधला, फ्रेम (एकेका खेळाडूची माहिती दाखवणाऱ्या चौकटी) कुठंही ओढता येतात, वीस जणांची खोटी रेड उभी करून आधीच बघता येतं कसं दिसतंय ते. (रेड म्हणजे सगळ्यांनी मिळून घातलेली धाड, लाल नव्हे. पुढं रंगांचं लय बोलायचंय म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.)

तर नव्या व्हर्जनबरोबर तुम्ही जो मेसेज टाकला त्यात एक वाक्य होतं, 'आता सगळं कस्टमाइज होतंय, ज्याला जसं पाहिजे तसं करून घ्या.' हे पत्र त्या एका वाक्यावर आहे. करून घ्या म्हणताय, पण करून घ्यायला जिथं जायचं त्या विंडोचं कुणी बघितलंय का?

आपल्यात प्रीस्ट (गेममधलं बरं करणारं एक पात्र) खेळणारे सर आहेत, हायस्कूलमधून रिटायर झालेत, सगळ्यांना माहितीयेत. अपडेट टाकला त्या रात्री त्यांचा फोन आला, अक्षरं बारीक झालीत, मोठी कुठून करायची? मी म्हणलं सेटिंग उघडा. उघडली. पुढं शांतता. मग म्हणाले थांब. आणि काय केलं माहितीय का, मोबाइल काढला, मॉनिटरचा फोटो घेतला आणि तो फोटो दोन बोटांनी मोठा करून मला एकेक टॅबचं नाव वाचून दाखवायला लागले. चौथा टॅब, त्यात जनरल, त्याच्या आत ॲडव्हान्स, सगळ्यात खाली फॉन्ट साइज. पंचवीस मिनिटं. अक्षर मोठं करायची सेटिंग तुमच्या अख्ख्या पॅकमधल्या सगळ्यात बारीक अक्षरात आहे, आणि वर ती करड्या पट्टीवर करड्याच रंगात. चष्मा शोधायला चष्मा लागावा तशातली गत. बरं त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं, पण ते नुसतं म्हणाले, 'माझंच वय झालं रे.' वय नाही झालं सर, पोरांनी विंडो वाईट केलीय.

वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी ॲक्सेसिबिलिटीचे नियम आहेत, डब्ल्यूसीएजी म्हणतात, तुमच्यातला एक जण वेबचंच काम करतो त्याला माहीत असणार. त्यात साध्या मजकुराचा आणि पाठीमागच्या रंगाचा कॉन्ट्रास्ट कमीत कमी ४.५ ला १ पाहिजे, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. फुकटात मोजून देणारी टूल्स आहेत. ऑफिसात क्लायंटच्या साइटला हे लावता आणि घरी येऊन आम्हाला करड्यावर करडं? गेमच्या ॲडऑनला (गेमवर वरून बसवायची जोडणी, तुमचा पॅक तसलाच) हा नियम कुणी सक्तीचा केलेला नाही, मान्य, पण डोळे तेच आहेत ना.

आता माझं. मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. हे मला एकोणिसाव्या वर्षी कळलं, आर्मी भरतीच्या मेडिकलला. पळण्यात पास, उंची-छाती पास, आणि मग ते ठिपक्यांचं पुस्तक पुढं आलं, इशिहारा टेस्ट, १९१७ पासून चालत आलेली. माझ्या पुढच्या पोरानं धडाधड आकडे सांगितले आणि मला वाटलं हा पाठ करून आलाय. मला नुसते ठिपके. साहेबांनी पान उलटलं, परत ठिपके. तिथून घरी. त्यानंतर घरच्यांना एकेक जुनी गोष्ट आठवायला लागली, की हा लहानपणी पिकलेली मिरची तशीच ठेवून हिरव्या कशा तोडून आणायचा वगैरे.

आणि नशीब बघा, कामाला कुठं लागलो, तर बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. तासगाव-सांगलीकडं बेदाण्याचा दर रंगावर. हिरवा, पिवळा, काळा. द्राक्षं डिपिंग ऑइलमध्ये बुडवून शेडमध्ये जाळीवर सावलीत वाळवली की हिरवा होतो, गंधकाची धुरी दिली की पिवळा, आणि शेतकऱ्याचं वर्षाचं गणित त्या रंगावर असतं. काळा मला कळतो. हिरवा आणि पिवळा शेजारी ठेवला तर मी अंदाजे सांगतो, आणि अंदाजे सांगणाऱ्याला त्या धंद्यात कुणी उभं करत नाही. मी हिशेबाच्या टेबलावर असतो म्हणून भागतं. पण पहिल्या वर्षी एकदा गाडी भरताना लॉट चुकता चुकता वाचला, तेव्हा आमच्या एका हमालमामांनी कुणाला न विचारता, कुणाला न सांगता, खडू घेतला आणि बॉक्सवर खुणा करायला सुरुवात केली, हिरव्याला एक उभी रेघ, पिवळ्याला दोन. मला म्हणाले, 'तू रेघा मोज, रंग आम्ही बघतो.' आणि गंमत म्हणजे वर्षभरात सगळेच रेघा मोजायला लागले, कारण संध्याकाळी गोदामातल्या पिवळ्या बल्बखाली चांगल्या डोळ्यांच्या माणसालासुद्धा ते दोन रंग सारखेच दिसतात. मामा शाळा चौथी शिकलेले.

आता तुमच्या रेड फ्रेमकडं या. मी ड्रुइड हीलर, म्हणजे बाकीच्यांना बरं करणारा, त्यांच्या बाधा काढणारा. गेममध्ये माणसाला चार प्रकारची बाधा होते आणि प्रत्येकीची चौकट वेगळ्या रंगाची, मॅजिक निळी, शाप जांभळा, विष हिरवं, रोग तपकिरी. निळं आणि जांभळं मला जवळजवळ एकच दिसतं पण त्यानं काही बिघडत नाही कारण ड्रुइड दोन्ही काढतो. खरा घोळ पुढचा. विष ड्रुइडला काढता येतं, रोग येत नाही. रोग प्रीस्टचा, म्हणजे सरांचा. आणि हिरवं आणि तपकिरी, अख्ख्या रंगपेटीत माझी नेमकी फसगत होणारी जोडी. म्हणजे वीस जणांची मिथिक (सगळ्यात अवघड) रेड चालूय, पिंग दोनशेच्या वर म्हणजे नेट रखडतंय, एकाची चौकट पेटली, मी क्लिक केलं, काहीच झालं नाही कारण तो रोग होता, तेवढ्यात दुसऱ्याची पेटली, मी म्हणलं हाही रोगच असणार सर बघतील, तर ते विष होतं आणि तो मेला. आणि व्हॉइसवर सगळे, 'हीलर झोपलाय का?' झोपला नव्हता बाबांनो.

मूळ गेममध्ये हे इतकं वाईट नव्हतं. त्याच्या सेटिंगमध्ये कलरब्लाइंड मोड आहे, तो चालू केला की वस्तूच्या माहितीत नुसता रंग न दाखवता तिचा दर्जा शब्दात लिहून येतो, की ही रेअर आहे, ही एपिक आहे. स्क्रीनला लावायचे फिल्टरपण आहेत, पण ते लावले की आभाळ, गवत, सगळंच बदलतं, मला नाही आवडत. मुद्दा असा की तुम्ही मूळ फ्रेम काढून तिथं स्वतःची फ्रेम बसवता, तेव्हा मूळ फ्रेममध्ये ज्या सोयी असतील त्याही तिच्याबरोबर काढून टाकता. जुनं घर पाडून नवीन बांधलं आणि आजीसाठी जिन्याला लावलेला कठडा राहिला, असं झालंय ते. कठडा मुद्दाम काढला असं कुणी म्हणत नाही. पण आजी पडतीय.

हे मी सांगितल्यावर तुम्ही मनावर घेतलं, हे मानतो. आणि नव्या व्हर्जनमध्ये प्रत्येक रंगासाठी ते रंगांचं गोल चाक दिलं, कुठलाही रंग निवडा म्हणून. आता मला सांगा, ज्याला रंग ओळखू येत नाहीत त्याच्या हातात लाखो रंगांचं चाक देऊन त्याला म्हणायचं, घे, तुला वेगळे दिसतील ते शोध. मी बसलो ना एक रात्र. दोन रंग निवडले, मला छान वेगळे दिसत होते, बायकोला बोलावलं, ती म्हणाली हे काय दोन्ही गुलाबीच आहेत. मग तिनं दोन निवडले ते मला एकच दिसले. साडेबाराला तिनं सांगितलं की मला सकाळी डबा करायचाय. चाकाला कस्टमायझेशन म्हणता येईल. माझी सोय त्यानं झाली नाही.

सोय काय ते सांगतो. एक म्हणजे तयार पॅलेट द्या, तीन-चार, एका क्लिकला लागणारे. ते तुम्ही शोधत बसायची गरजच नाही, जपानच्या ओकाबे आणि इतो या दोघांनी आठ रंगांचा एक संच करून ठेवलाय, केशरी, आकाशी, पिवळा असे, कलरब्लाइंड माणसांनाही एकमेकांपासून वेगळे कळतील असे, शास्त्रज्ञ लोक आलेखांना तोच वापरतात. पण पॅलेटपेक्षा महत्त्वाची ती मामांची रेघ. चौकटीच्या कोपऱ्यात एक अक्षर टाका, किंवा आकार, विषाला त्रिकोण, रोगाला चौकोन, काय वाटेल ते, फक्त रंगाच्या जोडीला दुसरी कायतरी खूण पाहिजे. डब्ल्यूसीएजीमध्येही हेच सांगितलंय, की माहिती नुसत्या रंगावर सोडू नका. आणि त्याहून सोपं, मला जे काढता येतं तेवढ्याचीच चौकट जाड करा, मी ड्रुइड आहे हे तुमच्या ॲडऑनला कळतंच की. मग रंग गेला खड्ड्यात.

गेमच्या मूळ माणसांनी हे रेडच्या खुणांमध्ये कधीचंच केलंय बघा. शत्रूंच्या डोक्यावर लावायच्या आठ खुणा, तारा, गोळा, डायमंड, त्रिकोण, चंद्र, चौकोन, फुली, कवटी. प्रत्येकीला रंग आहे पण रंगाचं नाव कुणी घेतं का? 'आधी कवटी, मग फुली' म्हणलं की वीसच्या वीस माणसं बरोबर जागी. त्यातल्या कितीजणांना रंग दिसत नाहीत हे कुणाला विचारावंही लागत नाही.

आणि सांगलीकराला तर हे शिकवायलाच नको. आम्ही गावभागात राहतो. पावसाळ्यात टीव्हीवर यलो अलर्ट, ऑरेंज अलर्ट, रेड अलर्ट चालू असतं, पण इथं शेजारी शेजाऱ्याला एकच प्रश्न विचारतो, 'आयर्विनला किती झालं?' आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी फुटात मोजतात, ४० ला इशारा, ४५ ला धोका, पोरासोरांना पाठ आहे. २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा कुठल्या रंगाचा अलर्ट होता हे मला आठवत नाही, पण कितव्या फुटाला आम्ही कॉम्प्युटर माडीवर नेला ते आठवतंय. (कॉम्प्युटर आधी, फ्रिज नंतर. त्यावरून अजून ऐकून घेतो.) तसंच माणसाच्या हेल्थ बारचं करा. हिरवा, पिवळा, लाल असा तुमचा बार बदलत जातो तो मला पूर्ण वेळ एकाच मातकट रंगाचा दिसतो, त्यावर आकडा टाका. टाकलाय म्हणाल, पण तो बाय डिफॉल्ट बंद आहे आणि चालू करायचा म्हणलं की परत तेच, चौथा टॅब.

आता रंगाचं बास. दादाचं सांगतो, माझा मावसभाऊ, पलूसकडं शेती, आपला हंटर. त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं कडबाकुट्टीत गेली, अंगठा आणि पहिलं बोट राहिलं. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे माहीतपण नाही, कारण तो सांगत नाही आणि त्याचा डॅमेज बघून कुणाला शंका येत नाही. कीबोर्डवरची चालायची बटणं त्याला जमत नाहीत, तो माउसची दोन्ही बटणं एकदम दाबून पुढं चालतो, बारा बटणांचा माउस घेतलाय द्राक्षाचे पैसे आल्यावर, आणि कुठला बाण कुठल्या बटणावर हे बसवायला त्याला दोन महिने लागले, रोज थोडं थोडं बदलत, म्हशीला वैरण टाकून आला की बसायचा. तुमचं नवं व्हर्जन टाकलं, त्यात ते मोठं हिरवं (म्हणे) बटण आलं, इन्स्टॉल करा म्हणून, त्यानं दाबलं. आणि त्या बटणामुळं दादाच्या सगळ्या कीबाइंडिंगवर (कुठल्या बटणानं काय व्हायचं ती मांडणी) तुमच्या कीबाइंडिंग चढल्या. विचारलं नाही, जुन्याची कॉपी ठेवली नाही. दादाचा फोन आला तेव्हा तो हसतच होता, म्हणाला, 'आरं तीन बोटं मशीननं खाल्ली, उरलेली दोन तुज्या दोस्तांच्या इन्स्टॉलरनं खाल्ली की रं.'

हसला म्हणून मी जास्त चिडलो. बघा, तुम्ही एक बटण दाबलं की आपोआप सगळी लढाई होईल असं काही आम्ही मागत नाही, गेम ॲडऑनला तसं करूच देत नाही आणि देऊही नये. दादाला मदत नकोय, त्यानं स्वतः केलेलं मोडू नका एवढंच. इन्स्टॉलरमध्ये कीबाइंडिंगचा टप्पा वेगळा ठेवा, त्यावर टिक आधीपासून नको, आणि जुनं परत आणायचं बटण द्या. गेममध्ये क्लिक कास्टिंग (माणसाच्या फ्रेमवर क्लिक केलं की स्पेल लागतो) आहे, बटण दाबून धरलं की स्पेल चालू राहायची सोय आहे, त्या सेटिंगना तुमचा पॅक हात लावत असेल तर तो हात काढा.

लाइटचा विषय राहिला. तुम्ही पुण्यात बसून म्हणाल याचा काय संबंध. संबंध असा की गेममध्ये ॲडऑनच्या सेटिंग डिस्कवर कधी लिहिल्या जातात, तर लॉगआउट केल्यावर किंवा रीलोड मारल्यावर, म्हणजे इंटरफेस परत लोड केल्यावर. मध्ये नाही. ॲडऑनला स्वतःहून फाइल लिहायची परवानगीच नाही, हे तुम्हीच मला शिकवलंय. म्हणजे मी तास-दीड तास बसून फ्रेम हलवल्या, अक्षरं मोठी केली, रंग बदलले आणि लाइट गेली, यूपीएसची बॅटरी तर मागच्याच उन्हाळ्यात मेलीय, की सगळं साफ. लाइट आल्यावर परत पहिल्यापासून. त्या सेटिंगचा फोल्डर असतो त्याचं नाव डब्ल्यूटीएफ आहे, मला आधी वाटायचं हे काय नाव, त्या रात्री पटलं. यात गेमचं बंधन तुम्हाला मोडता येणार नाही हे कळतं, पण सेटिंगची विंडो बंद करताना 'रीलोड करून सेव्ह करू का?' एवढं विचारायला काय जातंय? आणि सगळी सेटिंग एका लांबलचक मजकुरात कॉपी करून घ्यायची सोय, म्हणजे मी ती स्वतःलाच व्हॉट्सॲप करून ठेवीन, दादाची दादाला, सरांची सरांना. लढाई चालू असताना फ्रेम हलत नाहीत हेही गेमचंच बंधन, त्यावरून तुम्हाला बोल लावणाऱ्यांना मी गप्प केलंय, हे तुमच्या माहितीसाठी.

तुमच्यातला एक जण म्हणाला होता, 'असे लोक असून असून किती?' मी त्या वेळी काही बोललो नाही कारण आकडा माहीत नव्हता. आता वाचलाय. युरोपातल्या गोऱ्या पुरुषांत साधारण बारा जणांत एकाला लाल-हिरव्याची ही अडचण असते, आपल्याकडं प्रमाण त्याहून कमी सांगतात, बायकांत तर फारच कमी, कारण ते एक्स क्रोमोसोमवर असतं आणि बायकांत एक्स दोन असतात. कमी तर कमी. पण आपल्या वीसच्या रेडमध्ये रंग न दिसणारा मी, बारीक न दिसणारे सर, बोटं नसलेला दादा, आणि रात्री पोर मांडीवर घेऊन एका हातानं खेळणारी ती मिरजेची पॅलाडिन. चार झाले. वीसात चार हे असून असून नाही.

तर माझं मागणं एकच मोठं आहे, बाकीचं त्याच्या पोटात. पॅक पहिल्यांदा चालू झाला की स्क्रीनच्या मधोमध, लांबून वाचता येईल अशा अक्षरात, काळ्यावर पांढरं, आधी एवढंच विचारा: हे अक्षर वाचता येतंय का, की अजून मोठं करू? हे चार चौकोन वेगवेगळे दिसतायत का, की दुसरे दाखवू? तुमची बटणं आहेत तशी ठेवू का? मग पुढं तुमचे टॅब, तुमचं चाक, तुमचा तो फिरणारा लोगो (त्याला बंद करायचं बटण द्या, सरांना चक्कर येते म्हणे). ज्याला गरज नाही तो तीन क्लिकमध्ये पुढं जाईल. ज्याला आहे त्याला मोबाइलनं फोटो काढावा लागणार नाही.

टेस्ट व्हर्जन तयार झालं की आधी आम्हाला द्या. रविवारी रात्री नऊनंतर आम्ही तिघं असतो, शेअर स्क्रीन करून तुमच्यासमोर चालवून दाखवू, तुम्ही फक्त बघायचं, मध्ये 'तिकडं नाही, वरच्या बाजूला' असं सांगायचं नाही, आम्ही कुठं अडकतो ते लिहून घ्या. सांगलीला आलात तर भडंग माझ्याकडून. आणि दादाच्या जुन्या कीबाइंडिंगची फाइल तुमच्यातल्या कुणाच्या बॅकअपमध्ये सापडते का तेवढं आजच बघा, मागं एकदा त्यानं ती तुम्हाला पाठवली होती, द्राक्षाच्या छाटण्या चालू झाल्या की त्याला परत दोन महिने बसायला वेळ मिळायचा नाही.

तुमचा,
रेडमध्ये झाड होऊन फिरणारा हीलर
गावभाग, सांगली